चिंचोक्याची लांबी

मामाजी, परवा घरात लांबीचा, म्हणजे फटी बुजवायच्या पुट्टीचा, डबा आला आणि मी तो झाकणही न उघडता परत पाठवला. तुमची पणती, जिला तुम्ही पाहिलंच नाही, ती कॉलेजच्या संमेलनासाठी योद्ध्याचं चिलखत करते आहे. सतरंजीएवढ्या जाड फोमचे तुकडे कापते, गरम करून वाकवते, चिकटवते, आणि जोडांच्या फटी दिसतात म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून लांबी घेऊन आली. मनीषनगरच्या या फ्लॅटला खिडक्या पुष्कळ आहेत, पण डब्यावरचं चित्र पाहूनच माझी छाती आवळली. म्हटलं, हा परत देऊन ये, मी तुला घरची करून देते. ती हसली. "आजी, तुला हे पण येतं?" म्हणाली. मग मी तिला चिंचोके आणायला पिटाळलं. आता तिचं चिलखत गॅलरीत सावलीला वाळतं आहे, घरात कसलाच वास नाही, आणि मी तुम्हाला लिहायला बसले आहे. लिहायचं कधीचं होतं. निमित्त सापडत नव्हतं म्हणा, किंवा धीर.

तुमच्याशी मी आयुष्यात सरळ बोलले नाही. आजच्या पोरींना हे सांगितलं तर त्यांना वाटतं आपलं भांडण होतं. भांडण कसलं, तशी रीतच होती. सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, समोरून जायचं नाही, आणि सांगायचं ते सासूच्या तोंडून सांगायचं. चहा झाला हे सांगायलासुद्धा मी बांगड्या वाजवत असे. तुम्हीही रीत पाळणारे. मीठ कमी पडलं तर सासूबाईंकडे बघून "आज मिठाचं दुकान बंद होतं काय?" विचारायचे, आणि मी आतून मीठ सरकवायची. एका घरात, दोन खोल्यांत, चार हातांच्या अंतरावर आपण असे कितीतरी वर्षं राहिलो. त्यातली पहिली दोन-तीन वर्षं आपण मिळून लांबी केली, तीही अशीच, एकमेकांशी न बोलता.

तुम्ही दिवसा कचेरीत कारकून आणि संध्याकाळी नाटकमंडळींचे सर्वेसर्वा. मुकुट, गदा, ढाली, मुखवटे, सगळं तुमच्या हातचं. पुठ्ठा, गोणपाट, रद्दी कागद, एवढ्यातून तुम्ही लंकेचा राजा उभा करायचे. प्रयोगाच्या दिवशी विंगेत पोथी घेऊन प्रॉम्प्टिंगही तुमचंच. सासूबाई कौतुकानं सांगायच्या की नट वाक्य विसरला हे नटाच्या आधी तुम्हाला कळतं. एकदा शेजारच्यांनी विचारलं ते कसं, तर तुम्ही म्हणालात, "त्याचा श्वास चुकते ना गा. शब्द मागून चुकते." मी तेव्हा आत पोळ्या लाटत होते. ऐकलं आणि विसरून गेले. विसरायला नको होतं.

कारण माझा श्वास लहानपणापासून चुकत होता. आमचं माहेर उमरेडचं, विणकरांचं. घरात माग, दारात सुताच्या लडी, आणि हवेत सदा कापसाचं तूस. बाकीच्यांना काही होत नसे, मला मात्र थंडी सुरू झाली की दम लागायचा. छातीत मांजर बसल्यासारखा आवाज यायचा. लग्न ठरवताना हे तुमच्याकडे कुणी सांगितलं नाही. निघताना आईनं पदर नीट करता करता एवढंच सांगितलं, "बोलू नको. लेकरंबाळं झाली की मंग कोण विचारते." तिची तरी काय चूक? चार जागी नकार येऊन गेलेला होता. मी काही घाबरट मुलगी नव्हते, पण तुमच्या घरी आल्यावर महिना-दोन महिन्यांतच समोरच्या घरची सून परत पाठवलेली मी डोळ्यांनी पाहिली. तिला फिट यायच्या आणि ते लपवलं होतं म्हणे. भर दुपारी सायकलरिक्षात तिची ट्रंक चढवली, पुढ्यात ट्रंक घेऊन ती बसली, आणि सगळी आळी दारांत उभी राहून बघत होती. सासूबाई म्हणाल्या, "खोटा माल खपवला बाप्पा. बरं झालं, घेऊन गेले." मी मान हलवली. त्या दिवसापासून मला माझ्या श्वासाचीच भीती वाटायला लागली.

आणि मग पहिला हिवाळा आला. एकोणसत्तर-सत्तरचा असेल. स्पर्धेचं नाटक, शाळांची संमेलनं, सगळं डोक्यावर, आणि तुम्ही पुढच्या खोलीत दारं लावून मुकुटांच्या फटी बुजवत बसलेले. मोटारी रंगवणाऱ्या मिस्त्रीकडची ती लांबी, थिनर घालून पातळ केलेली. तो वास डोळ्यांत जायचा, पोळीला लागायचा, रात्री गोधडीत असायचा. सासूबाई नाक मुरडायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. मला मात्र श्वास बाहेर सोडता यायचा नाही. मी न्हाणीत जायची, बादलीत पाणी सोडून ठेवायची, आणि त्या आवाजाच्या आडोशानं भिंतीला हात टेकून धापा टाकायची. "काहून वं, ठसका लागला काय?" सासूबाई विचारायच्या. "हो, फोडणीचा," मी सांगायची. त्या महिन्यात मी इतक्या फोडण्या जाळल्या असतील की सासूबाईंनी मिरच्याच कमी केल्या. रात्री तुमचा मुलगा झोपला की मी भिंतीला टेकून बसून राहायची, त्याला जाग आलीच तर म्हणायची, कंबर दुखते.

एका रविवारी तुम्ही जेवायला बसलात आणि ताटाकडे बघत म्हणालात, "लांबी महाग झाली. परवडून नाही राहिली. आता घरचीच करतो." सासूबाईंना आनंदच झाला. "करा ना. पीठ मुकुटाले लावा आणि आम्ही कोंडा खातो," असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण आवाजात कौतुक होतं. काटकसरीचा नवरा कुणाला नको असतो! डबा त्याच दिवशी घरातून गेला. मी आत देवाला हात जोडले. देवालाच जोडले, मामाजी. तुम्ही महागाईला कंटाळलात हे माझं नशीब, एवढंच मला वाटलं.

तुमचे सुरुवातीचे प्रयोग आठवले की अजून हसू येतं. पहिल्यांदा तुम्ही कणकेची खळ करून त्यात शाळेतून आणलेल्या खडूच्या तुकड्यांची पूड कालवली. छान गुळगुळीत झाली. सकाळी उठून बघतो तर रावणाच्या मुकुटाची एक बाजू उंदरांनी साफ केलेली. "रावणाले उंदरानं मारलं, रामाची गरजच नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि तुम्ही त्या दिवशी चहासुद्धा न घेता कचेरीत गेलात. मग डिंक आणि लाकडाचा भुसा. तो वाळला की खपली धरून पडायचा. मग पुन्हा कणीक, तीही दोन दिवसांत आंबली, आणि घराला असा वास सुटला की थिनर बरा म्हणायची पाळी आली. दुसऱ्या कुणी कान पकडून मिस्त्रीची वाट धरली असती. तुम्ही मात्र पुन्हा नवीन कागद भिजत घालायचे. मला नवल वाटायचं की माणूस पैशाला इतका कसा चिकट.

खळीतलं मात्र मला कळत होतं. माहेरी मागावरच्या ताण्याच्या सुताला खळ लावण्यातच माझं बालपण गेलं. एका संध्याकाळी तुम्ही पुढच्या खोलीत स्वतःशीच पुटपुटत होता आणि मला राहवलं नाही. मी सासूबाईंना, जरा मोठ्यानं, म्हटलं, "आई, आमच्या उमरेडले चिंचोक्याची खळ करतात. कणकेची नाही. आणि चिमूटभर मोरचूद घालतात, मंग किडा-उंदीर तोंड लावत नाही." पलीकडचं पुटपुटणं थांबलं. मग तुमचा आवाज आला, सासूबाईंना उद्देशून, "तिले विचार, चिंचोके भाजून घेतात की कच्चे?" मी म्हटलं, "आई, भाजून. साल काढून, भिजवून, मंग वाटायचे." तुम्ही विचारलं, "तिले विचार, किती शिजवायचे?" सासूबाई दोघांच्या मधे उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली आपटलं. "मी काय पोस्टमन आहो काय? दोघंही इथंच बसून राहिले ना!" पण दुसऱ्या दिवशी चिंचोके आणले त्यांनीच. मोरचूद विषारी म्हणून फुटका पाटा वेगळा काढून दिला आणि त्याच्यावर कुणी चटणी वाटू नये म्हणून त्याला गेरूचा पट्टा ओढला तोही त्यांनीच.

सासूबाईंच्या पोस्टात एकदाच घोटाळा झाला. लांबी सावलीत वाळवायची, हे मी सांगितलं होतं. सासूबाईंना वाटलं हे काय सांगायचं, कुणालाही कळतं, म्हणून त्यांनी ते तुम्हाला सांगितलंच नाही. पापड-कुरडया उन्हात घालणाऱ्या बाईला ते असं का वाटावं, देव जाणे. तुम्ही चार ढाली गच्चीवर नागपूरच्या उन्हात ठेवल्या आणि संध्याकाळी त्यांच्यावर उन्हाळ्यातल्या तलावासारख्या भेगा पडल्या. तुम्ही त्या ढाली माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवल्या. मी त्यातली एक उचलून पलंगाखाली अंधारात सरकवली आणि तुम्ही "हां" म्हणालात. त्या दिवशी आपलं सगळ्यात जास्त बोलणं झालं, असं मी धरते.

भेगा पडू नयेत म्हणून मी कापूस सुचवला होता. पिंजलेला कापूस लांबीत मळला की ती तंतूंनी धरून राहते, आणि आपल्या मुलखात कापसाइतकं स्वस्त काय? सासूबाईंनीही उचलून धरलं. माहेरहून एक पोतं मागवते, असं मी म्हणायच्या आधीच तुमचा आवाज आला, "कापूस नको. तूस उडते." सासूबाई म्हणाल्या, "उडू द्या ना, फुकटात भेटून राहिला." तुम्ही पुन्हा म्हणालात, "नको म्हटलं ना." मग तुम्ही जुन्या गोणपाटाच्या सुतळ्या पाण्याच्या घमेल्यात बुडवून, पाण्यातच कात्रीनं बारीक बारीक कापत बसलात, रोज संध्याकाळी, बोटं पांढरी पडेपर्यंत. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पैसे वाचवायला निघालेला माणूस फुकटचा कापूस नाकारतो, हे मला विचित्र वाटलं, आणि म्हातारपणाचा हट्ट म्हणून मी ते सोडून दिलं.

शेवटी ती जमली. चिंचोक्याची घट्ट खळ, खडूची पूड, रात्रभर भिजवून कुटलेला रद्दी कागद, ओल्या सुतळीचे तंतू, चिमूटभर मोरचूद, आणि मळताना हाताला जवसाचं तेल. पोळीच्या कणकेपेक्षा जरा सैल. बोटानं फटीत दाबायची आणि ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. वाळली की नखानं टोकरली तरी निघायची नाही. त्या वर्षी राक्षसाचं काम करणारा नट मुखवटा काढून घरी आला आणि म्हणाला, "काका, यंदा आत श्वास घेता आला गा. दरसाली डोकं दुखायचं." तुम्ही हसलात आणि म्हणालात, "स्वस्तातली आहे." पुढे मंडळीत ती गोष्टच झाली. बाकीच्या मंडळ्याही तुमच्याकडे विचारायला यायच्या, आणि तुमचा मुलगा आजही चारचौघांत सांगतो की आमच्या बाबांनी काटकसर म्हणून कशी लांबी शोधून काढली.

दमा माझा गेला नाही, पण घरात त्याला चेतवणारं काही उरलं नाही. हिवाळे निभत गेले. मोठी मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि तुमच्या मुलाला सगळं सांगून टाकलं. मी डोळे मिटून पडले होते. त्यानं फक्त विचारलं, "काहून नाही सांगतलं?" आणि औषध आणायला गेला. भला माणूस. पण परत आल्यावर म्हणाला, "आईले सांगू नको. आणि बाबाले तं बिलकुल नको, त्यायले फसवलेलं खपत नाही." मग आम्ही दोघं मिळून लपवायला लागलो. गोळ्या डाळीच्या डब्यात ठेवायच्या, दम लागला की त्यानं रेडिओ मोठा करायचा. पुढे नागपुरातच नंदनवन वस्तीत घर बांधलं तेव्हा मी मागची खोली मागून घेतली, तुमच्या खोलीपासून सगळ्यात लांबची. तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "तिले पूर्वेची खिडकी दे. हवा येते." तेव्हाही मला वाटलं, सासरे भले आहेत, घराच्या वास्तूचं बघतात.

मग तुम्ही गेलात. ऐंशीनंतरची गोष्ट, तारीख मला लिहायची नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भेटायला येणाऱ्यांत ते मोटारी रंगवणारे मिस्त्री आले. म्हातारे झाले होते. सतरंजीवर बसले, तुमच्या आठवणी काढल्या, आणि सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मोठे हिशेबी होते. तुमची लांबी महाग झाली म्हणून घरी करायला लागले." मिस्त्री त्यांच्याकडे वळले. म्हणाले, "महाग? वहिनी, मी तं त्यायच्याकडून कधी पैसाच घेतला नाही. डब्याच्या बुडाशी उरलेली राहते ना, तीच देत होतो. एक दिवस स्वतःच डबा परत घेऊन आले. म्हणे, ठेवून घे बा, आता नको. घरात लेकरू आहे, त्याले वासानं दम लागते." सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरी तवा लेकरू कुठं होतं? नात तं मागून झाली." मिस्त्री म्हणाले, "असंन बाप्पा. जुनी गोष्ट आहे, मीच विसरलो असंन." मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. तांब्या तिथंच ठेवला, मागच्या खोलीत गेले, आणि रडले. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा मी तशी रडले नव्हते.

माझ्या बापानंही मला कधी लेकरू म्हटलं नव्हतं. पण रडून झाल्यावर मला राग आला, मामाजी, आणि तो अजून आहे. तुम्हाला माहीत होतं. पहिल्या हिवाळ्यापासून माहीत होतं. भिंतीपलीकडून माझा श्वास तुम्ही ऐकला असणार, जसा विंगेतून नटांचा ऐकायचे. तुम्ही खोटं बोललात, उंदरांकडून हसं करून घेतलंत, पाण्यात बोटं भिजवलीत, आणि घरातली हवा माझ्यासाठी निर्मळ केलीत. सगळं केलंत, फक्त मला सांगितलं नाहीत. समोरच्या घरची ती ट्रंक माझ्या डोळ्यांपुढून तुम्ही जाईपर्यंत हलली नाही. दारात सायकलरिक्षा थांबली की ती कुणासाठी आली हे मी आधी खिडकीआडून बघायची, दोन लेकरांची आई झाल्यावरही. एका वाक्यानं ती भीती गेली असती. रीत मोडायची नव्हती तर सासूबाईंच्या तोंडून, भिंतीकडे बघून, मांजराला सांगितल्यासारखं सांगायचं. "इथून कोणाले परत पाठवत नाही," एवढं जरी म्हटलं असतं! मिस्त्रीला सांगता आलं, मला नाही. हे मी तुमच्या फोटोकडे बघून मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल.

पत्र कुठं टाकायचं नाहीच. नातीला दाखवावं असं मघा वाटलं होतं, पण ती म्हणेल, मग तू तेव्हाच का नाही बोललीस, आणि तिला रीत समजावून सांगायची आता ताकद नाही. तेव्हा हे घडी करून ठेवते. फक्त एक गोष्ट, जी आजवर तुमच्या मुलालाही सांगितली नाही. तुम्ही विचारलं असतंत, कुणाच्याही तोंडून विचारलं असतंत, तर मी नाही म्हटलं असतं. देवावर हात ठेवून म्हटलं असतं, मला काही होत नाही, फोडणीचा ठसका आहे. आणि सुनेनं एकदा तसं सांगितल्यावर तुम्हाला तो डबा घराबाहेर न्यायला काही कारणच उरलं नसतं. हे मला कधीचं कळलेलं आहे, मामाजी. राग सोडवत नव्हता, एवढंच.